भिंतीकडे तोंड केलेली चित्रं

प्रश्न : मी साखर कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कामाला आहे. मुलगी पुण्यात बी.एफ.ए. पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला तिला ए ग्रेड होती, म्हणून हौसेने घातलं. दारातली म्हैस विकून पहिल्या वर्षाचा खर्च भागवला. पहिल्या वर्षी ७४ टक्के, दुसऱ्या वर्षी ७१ आणि आता ५९. चौकशी केली तर कळलं की शिक्षक शिकवतच नाहीत. विषय देऊन जातात, दोन दिवसांनी येऊन ‘अजून बघ’ म्हणतात. परवा म्हणे ‘गोठ्याचा फोटो दिसतोय, गोठा दिसत नाही’ असं बोलले. चार महिने ती आमच्या घरामागचा रिकामा गोठा रंगवते आहे, एकही चित्र पुरं नाही. दिवाळीत आणलेल्या चित्रांचे फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. कुणालाच काही समजलं नाही. तिचा मामा म्हणाला, गुरं कुठायत? काका म्हणाले, दहावीत असताना यापेक्षा छान काढायची. हल्ली ती घरी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवते. आता हे सोडून सहा महिन्यांचा यूआय-यूएक्सचा (ॲप-वेबसाइटचे पडदे आखण्याचा) कोर्स लावावा, की एटीडी (कला शिक्षक पदविका) करून शाळेत चिकटवावं? नोकरी कशात पक्की?

(पत्राखाली वेगळ्या अक्षरात : ‘मला कोर्स सोडायचा नाही. पण मी काय करतेय ते मलाच कळत नाहीये.’)

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात गुणांचा हिशेब चोख आहे. तो मी वाचला आणि बाजूला ठेवला. मी अडकले ती ‘भिंतीकडे तोंड करून ठेवते’ या वाक्यापाशी.

चित्रकार चित्रं भिंतीकडे फिरवून ठेवतात, त्यात नवल काही नाही. रोज डोळ्यांसमोर असलेलं चित्र दिसेनासं होतं, मग चार-आठ दिवस ते फिरवून ठेवायचं आणि नव्या नजरेने उलगडायचं, ही जुनी रीत आहे. पण तुमच्या मुलीने हे सुरू केलं ते दिवाळीनंतर, आणि तेही फक्त घरी. ती चित्रं स्वतःपासून लपवत नाहीये, तुमच्यापासून लपवते आहे. ५९ टक्क्यांपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

फोटो तुम्ही अभिमानानेच टाकले असणार. तरीही स्पष्ट सांगते, ते चुकलं. अर्धं चित्र तिला न विचारता चाळीस माणसांपुढे मांडलंत आणि प्रत्येकाला मत द्यायला लावलंत. तुमच्या भागात गुऱ्हाळं आहेत. काहिलीत रस उकळत असतो, वर मळी आलेली असते, तेव्हा कुणी बोट बुडवून ‘गूळ लागत नाही’ म्हणतं का? गुळव्या त्याला तिथून हाकलून देईल. तुमच्या मुलीला काका-मामांना हाकलता येत नाही, म्हणून ती चित्र फिरवते. पुढची पायरी याहून वाईट असते. ग्रुपवर काय आवडेल याचा अंदाज घेत मुलं रंगवायला लागतात. सूर्यास्त, नऊवारीतली बाई, पाणवठा. गुण सुधारतात, सगळे खूश होतात, आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी त्या मुलाकडे स्वतःचं असं एकही काम नसतं. अशी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा त्यांना काय सांगावं हे मला सुचत नाही.

आता ‘शिक्षक शिकवत नाहीत’ याबद्दल. हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक कला विद्यार्थ्याच्या घरी भेटतो. शाळेतलं आणि कॉलेजातलं शिकवणं म्हणजे कुणीतरी फळ्यापाशी उभं राहून बोलणं, हेच आपण पाहिलेलं असतं. फाउंडेशनचं, म्हणजे पहिलं वर्ष त्याच्या बरंच जवळ असतं. वस्तुचित्र, निसर्गचित्र, रंगचक्र, द्विमित संकल्प, अक्षरलेखन. जर्मनीत १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेच्या प्राथमिक अभ्यासक्रमापासून ही पायाभूत वर्षाची पद्धत जगभर पसरली. दुसऱ्या वर्षीही मॉडेल समोर बसलेलं असतं, डोकं मोठं झालं की लहान हे दाखवता येतं. चूक सापडते, ती सुधारली की गुण वाढतात. ज्यांचा हात लहानपणापासून चांगला, त्यांना इथे ७०-७५ टक्के सहज पडतात. तिसऱ्या वर्षी प्रश्नच बदलतो. ‘हे बरोबर काढ’ हे मागे पडतं आणि ‘तुला काय काढायचंय आणि का’ हे समोर येतं. याचं उत्तर शिक्षकांकडे नसतं. ते फळ्यावर काय लिहिणार?

एका कला महाविद्यालयाच्या वरच्या वर्गात मी एकदा सकाळभर बसून होते. टर्पेंटाइनचा वास, जुन्या लाकडी डाँकी (बसून चित्र काढायची बाकं) आणि सगळीकडे सुकलेले रंग. सर आले, एका मुलाच्या कॅनव्हाससमोर उभे राहिले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी तळहाताने चित्राचा उजवा वरचा कोपरा झाकला. ‘आता बघ.’ हात काढला. ‘आता?’ पुन्हा झाकला. मुलगा कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘सर, तो निळा नकोच आहे.’ सर ‘हं’ म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. दारातून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाने काही शिकवलंच नाही. त्या मुलाने आठवडाभर खपून रंगवलेला तो कोपरा दुपारी स्वतः खरवडून काढला. मोठ्या वर्षांचं शिकवणं असं असतं, आणि ते टाइम ऑफिसच्या रजिस्टरात मावत नाही.

सगळीच महाविद्यालयं अशी नाहीत, हेही सांगते. आपल्याकडे कला महाविद्यालयांत जागा रिक्त असतात, तासिका तत्त्वावर भागवलं जातं, काही ठिकाणी खरोखरच कुणी फिरकत नाही. तुमच्या मुलीचं तसं दिसत नाही. ‘गोठ्याचा फोटो दिसतोय, गोठा दिसत नाही’ हे वाक्य चित्र नीट पाहिल्याशिवाय कुणाला बोलता येणार नाही. त्या सरांबद्दलची तक्रार म्हणून ते तुम्ही मला लिहिलंत, पण सर आपलं काम करत आहेत याचा मला तो पुरावा वाटतो.

गुण नेमके का घसरले ते तिनेच सरांना विचारावं. माझा अंदाज असा की हमखास जमणाऱ्या गोष्टी तिने सोडल्या आहेत आणि न जमणाऱ्या हातात घेतल्या आहेत. त्या वर्षी असंच व्हायला हवं. चार महिने एकच विषय म्हणून घाबरू नका. फ्रेंच चित्रकार क्लॉद मोनेने १८९०-९१मध्ये घराजवळच्या शेतातल्या धान्याच्या गंजी पंचवीसच्या आसपास कॅनव्हासवर रंगवल्या, सकाळच्या, संध्याकाळच्या, बर्फातल्या. आपल्या मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी पाच-सहाच चित्रं करत. तुमची मुलगी गायतोंडे होईल असं मी म्हणत नाही. या कामात ‘महिन्यात किती नग’ हा हिशेब लागू पडत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देते. एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट परीक्षा, बडोद्याला किंवा जे.जे.ला पदव्युत्तर प्रवेश, पुढे प्राध्यापकीसाठी व्हिज्युअल आर्टमधली नेट पात्रता परीक्षा, या सगळ्या वाटा पदवीवरून जातात. चार वर्षांची पदवी तिसऱ्या वर्षी सोडलीत तर यातली एकही वाट धड राहत नाही. यूआय-यूएक्सला माझा विरोध नाही, पण सहा महिन्यांत सॉफ्टवेअर शिकवतात. पडद्यावर काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं ही नजर तिथे शिकवत नाहीत, ती आत्ता त्या गोठ्यावर घडते आहे. त्यासाठी लागणारं फिग्मा हे सॉफ्टवेअर ती उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकू शकते. आणि ‘शाळेत चिकटवावं’ म्हणता, तर तुमच्या तालुक्यातल्या शाळांत कला शिक्षकाच्या किती जागा भरल्यात ते आधी विचारून या. त्याहून मोठी गोष्ट अशी की कुणीतरी चिकटवलेला चित्रकलेचा मास्तर पन्नास पोरांचा हात कायमचा आखडून ठेवतो. मुलीला शिकवावंसं वाटलं तर तिने जरूर शिक्षिका व्हावं. नाइलाज म्हणून होऊ नये.

पैशांची तुमची काळजी मात्र खरी आहे, तिला मी फाटा देणार नाही. पेंटिंगच्या पदवीला पक्की नोकरी लागून येत नाही. नुसत्या चित्रांवर घर चालवणारे थोडे, आणि त्यांनाही त्यासाठी बरीच वर्षं लागलेली असतात. बाकीचे चित्रं काढत राहतात आणि पोटासाठी दुसरं काही करतात. मालिका-सिनेमांच्या कला विभागात, पुस्तकांच्या चित्रांत, भित्तिचित्रांत, मुलांच्या वर्गांत. जुन्या चित्रांचं जतन-संवर्धन हे एक क्षेत्र आपल्याकडे लोकांना फारसं माहीत नसतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्याचं स्वतंत्र केंद्र आहे आणि रंगाची जाण असलेल्या, धीराने बसणाऱ्या मुलांना त्या कामात वाव आहे. तेव्हा तिच्याशी पैशांवर उघड बोला. घरातून अजून किती वर्षं आणि महिन्याला किती जमेल, ते आकड्यात सांगा. ‘आम्ही काय काय केलं तुझ्यासाठी’ असं मोघम बोलू नका, त्याने मूल मोडतं. ‘पदवीनंतर एक वर्ष, महिना अमुक रुपये, मग तुझं तू’ हे ऐकून ते विचार करायला लागतं.

आता दोन शब्द तिच्यासाठी, हे तिला वाचू द्या.

बाळा, तिसऱ्या वर्षाला ‘मी काय करतेय कळत नाही’ असं वाटणं नेमकं वेळेवर आलंय. गोठ्याचं एकही चित्र फाडू नकोस, एकावर दुसरं रंगवूही नकोस. प्रत्येकाच्या पाठीवर तारीख आणि क्रमांक घाल आणि वहीत तीन ओळी लिही : काय करायला गेले, काय झालं, कुठे थांबले. सर ‘अजून बघ’ म्हणाले की ‘कुठे बघू?’ असं विचार. विचारायला लाजू नकोस. पुढे मुलाखतीला जाशील तेव्हा पुरी झालेली चार चित्रं पाहून झाली की समोरचे लोक स्केचबुक मागतात, तेव्हा या फसलेल्या गोठ्यांना बोलता येईल. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात काय लागतं ते स्वतः जाऊन बघ, मुंबईला गेलीस तर जहांगीर कलादालनात चक्कर मार. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, ब्रश हातात घ्यावासाच वाटत नसेल, तर ते चित्राचं दुखणं समजून अंगावर काढू नकोस. कॉलेजातल्या एखाद्या विश्वासू बाईंना किंवा समुपदेशकाला लगेच सांग.

दादा, पुन्हा तुमच्याकडे येते. पत्राच्या पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंत की तिच्या खर्चासाठी म्हैस विकली. दुसऱ्या पानावर लिहिलंत की ती रिकामा गोठा रंगवते आहे. मामाने विचारलं, गुरं कुठायत. या तिन्ही गोष्टी तुमच्याच हाताने एका पत्रात आल्या आहेत आणि तुम्ही त्या एकत्र वाचल्या नाहीत. तिने हे ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही. तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, कदाचित तिलाही अजून नसेल. पण जो गोठा रिकामा झाल्यामुळे ती पुण्याला जाऊ शकली, त्याच्याकडे ती पुन्हा पुन्हा वळते आहे, आणि तिचे सर तिला म्हणत आहेत की अजून तो दिसत नाही.

म्हणून या वर्षी कोर्स बदलू नका. ग्रुपवरचे फोटो काढून टाका आणि ते काढलेत असं तिला सांगा. कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन असतं, त्याला एक दिवस रजा टाकून जा. बरोबर कुणाला नेऊ नका, मत देऊ नका, ‘किती वेळ लागला?’ एवढंच विचारा. ती घरी येईल तेव्हा भिंतीकडची चित्रं तुम्ही फिरवू नका. त्याऐवजी संध्याकाळी तिला घेऊन गोठ्यात जा. पत्रे कधी घातले, दावण आधी कुठे होती, पावसाळ्यात पाणी कुठून यायचं, हे तिच्या सरांना माहीत नाही, मलाही नाही, ते फक्त तुम्हालाच माहीत आहे. म्हैस कुठल्या खुंटीला बांधायचात, तेही तिला दाखवा.