सात दिवसांच्या बाळाच्या पापण्या सुजल्यात आणि डोळ्यांतून पू येतोय, अंगावरचं दूध घालू का?

नका घालू. पापण्या सुजल्यात आणि पू येतोय असं तुम्हीच लिहिलंय, मग दुधाचं काय घेऊन बसलात? काजळही नको, सासूबाईंनी एरंडेलाच्या दिव्यावर घरी धरलेलं असलं तरी.

माझ्या लेकीचं असंच झालं. बारशाची तयारी चाललेली आणि हिचे डोळे उघडेनात. पुसलं की पुन्हा पिवळं. आतेसासूबाई म्हणाल्या, सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, आमच्या वेळी दुधानंच मोकळे व्हायचे. त्यांच्या वेळी! अहो, लाइपझिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरनं १८८१ च्या सुमारास प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायची पद्धत मांडली, ती अशाच पू येणाऱ्या डोळ्यांनी पोरं आंधळी होत होती म्हणूनच. त्याच्याकडं असे डोळे येणाऱ्या बाळांचं प्रमाण दहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आत आलं. मी सरळ रिक्षा बोलावली.

पापणीच्या आतून नमुना घेतला, क्लॅमिडिया निघाला, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा जंतू. बाळंतपणात आईकडून लागतो. नुसत्या थेंबांनी भागत नाही, पोटातून औषध द्यावं लागतं, नाहीतर पुढे न्यूमोनियाची भीती. डॉक्टर म्हणाले, औषध आईलाही आणि वडिलांनाही. झालं! 'सुनेकडून आलं' म्हणायला सगळे पुढे. सुनेकडे कुठून आलं म्हटल्यावर एकेकाला कामं आठवली. नवरा म्हणे, मला काही त्रासच नाही. त्रास मलाही नव्हता. या आजारात बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर तो पसरतो. एकटीनं गोळ्या घेऊन काय उपयोग, पुन्हा लागणारच. आमच्याकडे हा वाद अजून मिटलेला नाही.

बाकी, प्रत्येक चिकट डोळा म्हणजे हेच नव्हे. डोळ्यातलं पांढरं स्वच्छ असेल, सूज नसेल, नुसतं पाणी आणि चिपडं असतील तर बहुधा अश्रुनलिका बंद असते. नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटानं खालच्या दिशेला हलका दाब द्यायला शिकवतात, वर्षभरात बहुतेकांची उघडते. साध्या जंतूंनीही पू होतो, तेव्हा रिपोर्ट यायच्या आधी घरात भांडण काढू नका. पण तुमच्या बाळाला सूज आहे, त्यामुळे आजच न्या. गनोरिया, म्हणजे शरीरसंबंधातूनच पसरणारा दुसरा आजार, असला तर बुबुळाला भोक पडायला एखादा दिवसही पुरतो.

आणि जाताना नवऱ्याला सोबत न्या, त्याचाही केसपेपर काढायला लावा.