पॅकेज ४ लाख २० हजार. पण दरमहा हातात किती?

पत्र : मुलगी यंदा इंजिनिअर झाली. कॅम्पसमधून पुण्याला हिंजवडीच्या कंपनीत निवड झाली, पॅकेज ४ लाख २० हजार. २२ तारखेला जॉइनिंग आहे. तिच्या शिक्षणाचं ४ लाखांचं कर्ज डोक्यावर आहे. महिना ३५ हजार धरून मी असं ठरवलंय : १२ हजार कर्जाला, १० हजार घरी (धाकट्याचा क्लास आहे), ४ हजार तिच्या स्कूटीचा हप्ता, उरलेले ९ हजार तिला. जमेल ना? ऑफर लेटरची प्रत जोडली आहे. मी सोबत पुण्याला यावं का? ती नको म्हणते.
– एक शेतकरी पालक, अंबाजोगाई तालुका

उत्तर : नमस्कार. लेकीचं मनापासून अभिनंदन. पण तुमच्या हिशोबातला पहिलाच आकडा आपल्याला खोडावा लागणार आहे.

ऑफर लेटरमधले ४ लाख २० हजार म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमची मुलगी वर्षाला केवढ्याला पडते तो आकडा. तुम्ही सोयाबीन आडतीला घालता तेव्हा काट्यावरचं वजन गुणिले भाव एक असतं आणि हमाली, तोलाई जाऊन हातात येणारी पट्टी वेगळी असते. इथेही पट्टीच बघायची. तुम्ही पाठवलेल्या कागदावर ३० हजार 'व्हेरिएबल' आहेत. ते वर्ष संपल्यावर, कामगिरी बघून मिळतात, कधी पूर्ण तर कधी कमी. कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) २१,६०० त्यातच धरलाय. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) आणि गटविम्याचा हप्ता मिळून आणखी १४,४००. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावरच हाती लागते. हे सगळं वजा करा, उरतात ३ लाख ५४ हजार, म्हणजे महिन्याला २९,५००. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापला जाईल. हातात २७,५००. आयकराची काळजी नको. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर कर भरावा लागत नाही.

आता तुमचं वाटप यावर बसवून बघा. १२, १० आणि ४ मिळून २६ हजार. लेकीला पुण्यात महिना काढायला उरले दीड हजार. मुली अशा वेळी घरी सांगत नाहीत. आधी डबा बंद करतात, मग मोबाइलवरच्या कुठल्यातरी ॲपवरून पाच-दहा हजार उचलतात. ही वेळ येऊ द्यायची नसेल तर पहिले तीन महिने एकही नवा हप्ता चालू करू नका.

त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे पहिला पगार येईपर्यंतचे दिवस. बहुतेक कंपन्यांत पगाराची यादी विसाव्या-पंचविसाव्या तारखेच्या आसपास बंद होते. २२ ला रुजू होणाऱ्याचं नाव बऱ्याचदा पुढच्या यादीत जातं. मागचे दिवस धरून पैसे मिळतात, पण पुढच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस घरच्या पैशांवर. हिंजवडी-वाकड भागात दोघी-तिघींच्या खोलीत, जेवणासह पीजी (पेइंग गेस्टची सोय) साधारण आठ ते बारा हजारांत मिळतं. नऊ हजार धरू : एक महिन्याचं डिपॉझिट नऊ, दोन महिन्यांचं भाडं अठरा, येणं-जाणं, फोन, चहा-नाश्त्याला आठ, गादी-बादली-बूट-फॉर्मल कपडे यांना पाच. झाले ४० हजार. स्कूटीच्या डाउन पेमेंटसाठी काही बाजूला ठेवलं असेल तर ते इथे वापरा. एचआरला, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला, तिने आजच मेल करून विचारावं की २२ ला रुजू झाल्यास पहिला पगार कधी होईल. विचारण्यात काही कमीपणा नाही, रोज कोणीतरी विचारतंच.

स्कूटी तर थांबवाच. ट्रेनिंग हिंजवडीत झालं तरी प्रोजेक्ट खराडीला मिळू शकतो, आणि ती पुण्याची दोन टोकं आहेत. याच कारणासाठी सुरुवातीला मैत्रिणींसोबत अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेऊ नये. करारात लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर न सोडण्याची अट) असेल तर मुदतीआधी सोडताना डिपॉझिट अडकतं.

कर्जाचं बघू. बँकेच्या मंजुरीपत्रात हप्ता कधीपासून सुरू होतो ते लिहिलेलं असतं. शिक्षणानंतर काही महिने सवलत असते, व्याज मात्र चालू असतं. ४ लाखांवर १० टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता साधारण ८,५०० येतो, सात वर्षांचा ६,६५०. मी सात वर्षं घ्या म्हणेन. व्याज एकूण जास्त जातं हे खरं, पण बदलत्या दराच्या अशा कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो. व्हेरिएबल मिळालं की ते कर्जात भरायचं. मग महिना असा बसतो : पीजी नऊ, वरखर्च सहा, हप्ता ६,६५०. उरतात ५,८५०. त्यातले तीन हजार घरी, बाकी तिच्या खात्यात अडीअडचणीला. धाकट्याच्या क्लासची बाकीची सोय या वर्षी तरी तुम्हालाच बघावी लागेल.

दुसरं म्हणजे नावं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, असं आपल्याकडे घरोघरी आहे. पीएफचा यूएएन क्रमांक आधारवरच्या नावाने आणि जन्मतारखेने निघतो. फरक असेल तर पुढे पैसे काढताना नाहीतर नोकरी बदलताना त्रास होतो. आधार, पॅन, बँक खातं तिन्हीकडचं स्पेलिंग या आठवड्यातच एक करून घ्या. आधारला तिचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडा, तुमचा नको. नाहीतर ओटीपीसाठी तिला रोज तुम्हाला फोन करावा लागेल. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, कुणाकडे ठेवायची नाहीत. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर रक्कम आणि मुदत वाचून मगच सही. आणि जॉइनिंगसाठी, लॅपटॉपसाठी म्हणून कोणी पैसे मागितले तर तो फसवणुकीचा फोन समजा.

पीएफ कापला म्हणून हळहळू नका. तिचे १,८०० आणि कंपनीच्या १,८०० मधले ५५० तिच्या खात्यात जमतात, कंपनीचे उरलेले १,२५० पेन्शन योजनेत जातात. नोकरी बदलताना हे पैसे काढायचे नाहीत, नव्या कंपनीत वळते करायचे. नात्यातले एजंट पॉलिसी घेऊन आता येतीलच. चहा पाजा, सही करू नका.

सोबत जायचं का? जा, पण पीजी बघण्यापुरतं. ऑफिसच्या गेटपर्यंत नको, तिथे ती नको म्हणते ते बरोबर आहे. पाणी किती वाजता येतं, गेट किती वाजता बंद होतं, उशिराची शिफ्ट असेल तर आत घेतात का, हे मालकिणीला तुमच्यादेखत विचारू द्या. महाराष्ट्रात रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि घरापर्यंत सोडण्याची सोय कंपनीने करायची असते, हे तिला माहीत असू द्या. डिपॉझिट रोख देऊ नका. ते खात्यातून पाठवा, आणि खोली सोडताना किती दिवस आधी कळवायचं व किती पैसे कापणार, हे मालकिणीकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.