डीव्हीआर दुकानात, मालक घरी

प्रश्न: दुकान म्हापशाला, घर फोंड्याला. चवथीला दुकान बंद असताना घरून डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) पाहायचा आहे. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणं) केलं, तरी बाहेरून उघडत नाही. राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता 100.72 ने सुरू होतो. (वाचक, फोंडा)

उत्तर: कारण त्या पत्त्यातच आहे. 100.64 ते 100.127 हा पट्टा इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवायला वापरतात. बाहेरून आलेली जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. स्टॅटिक आयपी (कायमचा सार्वजनिक पत्ता) घेऊन डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू मात्र नका. अशा यंत्रांची सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं जुनीच राहतात.

त्यापेक्षा दुकानातून बाहेर बोगदा, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी कूटबद्ध खाजगी वाट, काढा. सार्वजनिक पत्त्याचा छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घ्या, 512 एमबी रॅम पुरते. दुकानात रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) ठेवा आणि सर्व्हर, पाय, मोबाइल तिन्हींवर वायरगार्ड (हा बोगदा बांधणारं सॉफ्टवेअर) घाला. बोगद्याचे पत्ते 10.8.0 पट्ट्यातले द्या. सर्व्हरवर यूडीपी पोर्ट 51820 उघडा. आयपी फॉरवर्डिंग (एका जाळ्यातली वाहतूक दुसऱ्यात पुढे पाठवणं) सर्व्हर आणि पाय दोन्हींवर हवं. पायच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट जागी ठेवणारा ठरावीक वेळाचा संदेश) 25 सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ काही हालचाल झाली नाही की कंपनीचा नॅट (अनेकांना एका पत्त्यामागे ठेवणारी यंत्रणा) ती वाट मिटवतो.

खरी गफलत पत्त्यांत होते. घरी आणि दुकानात दोन्हीकडे 192.168.1 असेल, तर मोबाइल डीव्हीआर घरातच शोधत बसतो. दुकानाचा पट्टा 192.168.47 करा आणि तो सर्व्हरवर पायच्या, मोबाइलवर सर्व्हरच्या अलाउड आयपीजमध्ये (बोगद्यातून कोणते पत्ते जातील त्या यादीत) लिहा. एवढं करूनही चित्र दिसेना, तर डीव्हीआरचं उत्तर पायकडे न येता राउटरकडून बाहेर जात असतं. राउटरवर 10.8.0.0/24 चा (बोगद्याच्या पट्ट्याचा) स्टॅटिक रूट पायच्या पत्त्याकडे वळवा. ती सोय नसेल तर पायवर मास्करेड लावा, म्हणजे डीव्हीआरला विनंती पायकडूनच आल्यासारखी दिसेल. पिंग लागतं पण चित्र अडकतं, असं झालं तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) 1420 वरून 1280 करून पाहा.

पावसाळ्यात वीज गेल्यावर आणखी एक अडचण येते. पाय 4 पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज आली की पाय मागची वेळ धरून उठतो, आणि आधीच्यापेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक (जोडणी सुरू करणारा संदेश) वायरगार्ड फेटाळतो. नेटवरून वेळ जुळली की बोगदा पुन्हा लागतो. म्हणून पायची सगळी वाहतूक बोगद्यातून नेऊ नका, नाहीतर वेळ विचारणारी विनंतीच बंद बोगद्यात अडकेल.

प्रश्न: एसएसएचच्या सॉक्स प्रॉक्सीतून (दूरच्या संगणकामार्गे ब्राउझरची वाहतूक नेणारी सोय) ऑफिसचं पान आयपीने उघडतं, नावाने नाही. (वाचक, मडगाव)

उत्तर: नावाचा शोध तुमच्याच घरच्या डीएनएसवर (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) होतो आहे. फायरफॉक्सच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये सॉक्स व्ही5 निवडा आणि डीएनएस प्रॉक्सीतून नेण्याच्या पर्यायावर खूण करा.