यीस्ट न वापरता बिअरचा ब्रेड कसा करायचा? माझा मधे चिकट राहतो आणि कडू लागतो.

कडूपणा आणि चिकटपणा, दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

कडू लागतो तो बिअरच्या निवडीमुळे. हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा ओव्हनमध्ये उडून जात नाही, त्यामुळे भरपूर हॉप्सची आयपीए बिअर इथे नकोच. साधी लागर किंवा गव्हाची बिअर घ्या. स्टाउट (गडद, काळपट बिअर) आवडत असेल तर साखरेऐवजी मध घाला. अल्कोहोल भाजताना बरंच उडतं, पण पूर्ण नाही. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांच्यासाठी ०.० लिहिलेली बिअर वापरा, ब्रेड तसाच फुगतो. कारण फुगवण्याचं काम बेकिंग पावडरचं आहे, बिअरच्या फेसाची मदत थोडीशीच.

मैदा ३७५ ग्रॅम, बेकिंग पावडर १ मोठा चमचा सपाट, मीठ १ छोटा चमचा, साखर ३ मोठे चमचे, बिअर ३३० मिली, वितळलेलं लोणी ५० ग्रॅम. मैदा वजनानेच घ्या. कपात दाबून भरला तर सहज पाव पट जास्त जातो आणि ब्रेड वीट होतो. बिअर फ्रीजमधून तासभर आधी काढा आणि तीही वजनावर मोजा (३३० मिली म्हणजे साधारण ३३० ग्रॅम), फेसामुळे मापाचा अंदाज चुकतो.

ओव्हन १९० अंशांवर आधीच तापवा. कोरडं साहित्य चाळून त्यात बिअर एकदम ओता आणि चमच्याने जेमतेम १५-२० वेळा हलवा. पीठ घट्ट, गुठळ्यांचं दिसेल, तसंच हवं. गुळगुळीत होईपर्यंत घोटलं की ग्लुटेन तयार होतं, ब्रेड चिवट होतो, आत भोकं पडतात. मिश्रण थांबवून ठेवू नका, लगेच लोणी लावलेल्या २३ बाय १३ सेंमीच्या टिनमध्ये घाला. उरलेलं लोणी वरून ओतायचं, कुरकुरीत कवच त्यानेच येतं. टिन काठोकाठ असेल तर खाली ट्रे ठेवा, लोणी ओघळतं.

४५ ते ५५ मिनिटं लागतात. चिकटपणाचं मूळ बहुतेकदा इथेच असतं: वरचा रंग बघून लोक आधीच बाहेर काढतात. मधोमध काडी खुपसून बघा, किंवा थर्मामीटर असेल तर आत ९५ अंश यायला हवेत. वर लवकर लाल झालं तर फॉइल झाका. पावडर जुनी असेल तरीही आत गच्च राहतं. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली पाहिजे.

दहा मिनिटांनी टिनमधून जाळीवर काढा आणि निदान पाऊण तास सुरी लावू नका. गरम कापलेला ब्रेड नीट भाजलेला असला तरी चिकटच वाटतो.