सुदानहून जळगावला परतलेल्या भावाच्या लघवीतून रक्त जाते. कॅन्सर आहे की परजीवी, हे रक्ततपासणीने कळेल का?

नाही, मूत्राशयाचा कॅन्सर आणि शिस्टोसोमा या परजीवीचा संसर्ग यांतला फरक खात्रीने सांगणारी एकही रक्ततपासणी आज नेहमीच्या वापरात नाही. इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढलेले असले तर संशय परजीवीकडे झुकतो खरा, परंतु आपल्या खानदेशात शेतात अनवाणी वावरणाऱ्याला अंकुशकृमी झाला तरी ते वाढतात, आणि जुन्या संसर्गात ते अगदी सामान्यही असू शकतात. शिस्टोसोमाविरुद्धची अँटीबॉडी संसर्ग कधीतरी झाला होता एवढेच दाखवते, कारण औषधाने जंत मेल्यानंतरही ती अनेक वर्षे रक्तात टिकते. म्हणून उत्तर लघवीत शोधावे लागते: सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत, शक्यतो थोडे चालून आल्यावर, लघवीचा शेवटचा भाग गोळा करून लॅबमध्ये द्यावा आणि एका टोकाला काटा असलेली परजीवीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास स्पष्ट सांगावे, कारण आपल्याकडे हा आजार विरळा (रत्नागिरीतील गिमवी गावातील जुनी नोंद सोडल्यास) असल्याने न सांगता तो सहसा कोणी शोधत नाही. मात्र अंडी सापडली म्हणून कॅन्सर नाही असे समजू नये: हा परजीवी स्वतःच मूत्राशयाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरतो आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे युरोलॉजिस्टने सांगितल्यास सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणे) व बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) टाळू नये.