नोटीस पिरियडमध्ये घेतलेली पॉलिसी आधी परत करा

वाचकाचे पत्र: वय 36. एकाच कंपनीत 9 वर्षे 2 महिने झाली. राजीनामा दिल्यापासून साहेब धड बोलत नाहीत, ‘आम्हीच तुला घडवलं’ म्हणतात. टीमने डबा खायला बोलावणं बंद केलंय. आता पगार 15 टक्के वाढवतो, थांब, असा निरोप आलाय. थांबू का? नवी नोकरी तीन महिन्यांनी सुरू होईल. मधल्या काळात पीएफच्या 11 लाखांपैकी निघतील ते 8 लाख काढून एका दुप्पट गॅरंटीच्या पॉलिसीत घालणार आहे. वर्षाला 2 लाख, 10 वर्षे भरायचे, विसाव्या वर्षी 40 लाख. पहिला हप्ता बचतीतून भरला, पॉलिसी 12 दिवसांपूर्वी हातात आली. सहकारी मैत्रिणीचे यजमान एजंट आहेत. सध्या ऑफिसात ती एकटीच माझ्याशी नीट बोलते.

उत्तर: थांबू नका. राजीनाम्यानंतर सुचलेली पगारवाढ आधीही देता आली असती. साहेबांशी वाद घालू नका. कामाची यादी, फायली, पासवर्ड कोणाकडे सोपवले ते ईमेलवर लिहून ठेवा आणि रिलीव्हिंग लेटर मागून घ्या. डब्याचं वाईट वाटतं, मान्य आहे. पण मला खरी काळजी तुमच्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळींची वाटते.

‘दुप्पट’ म्हणजे काय ते बघा. तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि तेवढ्या काळात दुप्पट होतो. म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. पीएफला 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज मिळालं. पुढे दर बदलेल म्हणून 8 धरू. ते 8 लाख जागेवर राहिले तर 20 वर्षांत 37 लाखांच्या घरात जातात, वर एक रुपयाही न घालता. पॉलिसीचे 40 लाख मिळवायला तुम्हाला एकूण 20 लाख भरायचे आहेत. पीएफमधून चार हप्ते निघतील, पहिला भरलाय. उरलेले पाच, म्हणजे 10 लाख, कुठून आणणार? हे त्या एजंटने विचारलं का? हप्ते मध्येच थांबले की सरेंडर करताना, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी बंद करताना, नुकसान तुमचंच होतं. असल्या योजना ‘गॅरंटी’ शब्दावर खपवल्या जातात याची मला मनस्वी चीड आहे.

पीएफ नव्या कंपनीत ट्रान्स्फर करा. त्यातली पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवाही जोडली जाईल. पेन्शनला 10 वर्षं लागतात, तुम्ही उंबरठ्यावर आहात. पेन्शनचे पैसे काढून घेतले की ती 9 वर्षं पुसली जातात.

आयुर्विमा पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमचे 18 दिवस शिल्लक आहेत. थेट विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. थोडी कपात होऊन हप्ता परत येईल. एजंटच्या हाती अर्ज देऊ नका.

तुम्ही न विचारलेली आणखी एक गोष्ट: ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे कंपनी देते ती रक्कम. दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. तुमचा बेसिक (मूळ पगार) 40 हजार धरला तर 40 हजार गुणिले 15 भागिले 26, गुणिले 9, म्हणजे साधारण 2 लाख. तीन बिनपगारी महिने त्यावर निघतील. कंपनीचा आरोग्य विमा मात्र शेवटच्या दिवशी संपतो, स्वतःची पॉलिसी त्याआधी घ्या.

मैत्रीण दुखावेल. राजीनाम्याच्या दिवसांत माणूस एकटा पडतो, आणि जो गोड बोलतो त्याला नाही म्हणवत नाही. तुमचा हप्ता तिथेच गेला. आधी अर्जाची पोच हातात घ्या, मग तिच्याशी बोला.