पगार वाढवला तरी सुपरवायझर का जातात?

तुमच्या कारखान्यातल्या अकरा लाइन सुपरवायझरपैकी चार जण वर्षभरात गेले, पगारवाढ देऊनही गेले, आणि जाताना चौघांनीही फॉर्मवर ‘चांगली संधी’ एवढंच लिहिलं, असं तुम्ही म्हणता. आता समाधानाचा सर्व्हे घ्यावा का, हा तुमचा प्रश्न. घ्या की. पण त्याआधी दोन रात्री तिसऱ्या पाळीत जाऊन नुसते उभे राहा.

मी नऊ वर्षं सुपरवायझर होतो. एकदा रात्री दोनला कन्व्हेयरचं बेअरिंग गेलं. नवं बेअरिंग स्टोअरमध्ये होतं, स्टोअरची किल्लीही हाताशी होती, पण इंडेंटवर, म्हणजे स्टोअरमधून माल काढायच्या मागणीपत्रावर, मॅनेजरची सही हवी आणि साहेब फोन उचलेनात. बारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसून. साडेपाचला सही मिळाली. सकाळच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न आला: साडेतीन तास लाइन बंद, तू काय करत होतास? त्याच आठवड्यात मी बायोडेटा पाठवायला सुरुवात केली. फॉर्मवर मीही ‘चांगली संधी’च लिहिलं. पुढच्या नोकरीसाठी चौकशीचा फोन जुन्या कंपनीतच येणार असतो, खरं कोण लिहील?

हे दुखणं जुनं आहे. हार्वर्डच्या रोथलिसबर्गर यांनी 1945 मध्येच फोरमनची, म्हणजे सुपरवायझरचीच, ही वरून-खालून होणारी कोंडी मांडली होती. पुढे 1979 मध्ये संशोधक कॅरासेक यांनी दाखवलं की कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पिळते. सुपरवायझरची खुर्ची म्हणजे नेमकी हीच जोडी.

पगाराबद्दल मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांचं नाव एचआरवाले हमखास घेतात: पगार कमी असला तर माणूस नाराज होतो, पण वाढवल्याने खूश होतोच असं नाही. मला हे अर्धंच पटतं. 1959 चा तो अभ्यास सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट्सचा होता, पाळीत घाम गाळणाऱ्यांचा नव्हे. तुमच्याकडे एक हिशेब जरूर करून बघा: ऑपरेटरचा सुपरवायझर झाला की ओव्हरटाइम बंद होतो का? होत असेल, तर बढतीनंतर त्याच्या हातात पूर्वीपेक्षा कमी पैसे पडत असतील. अशा वेळी पगारवाढ म्हणजे फक्त खड्डा बुजवणं.

उरलेल्या सात जणांना एकेकटं गाठा आणि विचारा, ‘गेल्या महिन्यात तुमचा कोणता निर्णय वरून फिरवला गेला?’ समाधान एक ते पाचमध्ये किती, हे विचारून काही हाती लागत नाही. या प्रश्नावर मात्र माणसं बोलायला लागतात. सुपरवायझरने नाकारलेली रजा मॅनेजरने परस्पर मंजूर केली, असे किस्से निघतील. त्यानंतर त्या पाळीत त्याचं कोण ऐकणार?

मी स्वतः मॅनेजर झाल्यावर पहिलं काम हे केलं: ठरावीक रकमेपर्यंतचा स्पेअर सुपरवायझरने स्वतःच्या सहीवर काढायचा, कारण दुसऱ्या दिवशी लिहायचं. अकाउंट्सने कटकट केली. गैरवापराच्या दोन घटना झाल्या, त्या मी पोटात घातल्या.

सर्व्हेच्या आधी अजून एक. सातातला जो पूर्वी मीटिंगमध्ये भांडायचा आणि हल्ली ‘हो सर’ म्हणून गप्प बसतो, त्याच्याशी याच आठवड्यात बोला.